डोळ्याला एक करवंद

एका जंगलात एक माळ होता आणि त्या माळावर गवत उगवत नव्हतं.

आजूबाजूला गुडघाभर गवत. मधे मात्र तांबडी माती, मऊ, चाळून ठेवल्यासारखी. असं का, ते सांगतो. पण सावकाश सांगतो, बाळांनो. गोष्टीला घाई केली की ती मधेच बसते, बैलासारखी. मग कितीही शेपूट पिरगाळा.

तर त्या माळावर दर वर्षी वैशाखात, करवंदं काळी झाली की, कुस्त्यांचं महामैदान भरायचं.

पहिलं महामैदान साधं होतं. एक अस्वल आणि एक गवा. दोघं सकाळी भिडले. डोक्याला डोकं लावलं आणि उभे राहिले. दुपारी बघितलं तर तसेच. ऊन कललं तरी तसेच. ससे झोपले. हरणं घरी गेली, चरली, पाणी पिऊन परत आली, तरी ते दोघं तसेच. दिवस मावळता मावळता अस्वलाचा एक पाय सटकला आणि ते पाठीवर पडलं. ते कुणी बघितलंच नाही. एका म्हाताऱ्या कासवानं बघितलं. तेही म्हणालं, "जरा लवकरच उरकलं."

त्या गर्दीत पिराजी नावाचा एक कोल्हा होता. त्यानं कुस्ती बघितली नाही. त्यानं झोपलेले ससे बघितले.

दुसऱ्या वर्षी पिराजीनं सगळ्या पैलवानांना माळावर गोळा केलं. तोवर तो स्वतःच स्वतःला वस्ताद म्हणायला लागला होता. एकदा म्हटलं की पुढं लोकच म्हणतात.

"गड्यांनो," पिराजी म्हणाला, "यंदापासून आपल्या मैदानात सगळ्या कुस्त्या निकाली."

आता निकाली कुस्ती तुम्हाला माहीत आहे. निकाल लागल्याशिवाय सुटत नाही ती निकाली. पैलवान खूश झाले. येसबा नावाचं एक रानडुक्कर होतं. अंगानं दगडासारखं, मनानं लोण्यासारखं. ते म्हणालं, "बरं झालं वस्ताद. कुणीतरी एक पडेपर्यंत सोडायची नाही."

"तसं नव्हे रे," पिराजी म्हणाला. "निकाली म्हणजे जिचा निकाल लागलेला आहे ती. कोण पडणार ते मी आधी पळसाच्या पानावर लिहून ठेवणार."

येसबानं बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "आधीच निकाल लागला, तर कुस्ती कशाला करायची?"

"लग्नात नवरी कोण ते आधी ठरलेलं असतं का नसतं?"

"असतं."

"तरी लोक जेवायला येतात ना?"

येसबानं मान डोलावली. मीही डोलावली असती.

मग पिराजीनं सगळ्यांना आखाड्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायला लावली. "ही मातीची आण. हे गुपित घरी सांगायचं नाही. आईला नाही, बायकोला नाही, पिलांना नाही." सगळ्यांनी माती गिळली. तेव्हापासून त्या जंगलात कुणी भलतंच काही करून बसलं की म्हणतात, यानं माती खाल्ली.

येसबाच्या वाट्याला पडणं आलं. त्याला पाडणार होता रंगराव. रंगराव म्हणजे बिबट्या. अंगावर ठिपके, चालण्यात डौल, दिसायला लग्नातल्या घोड्यासारखा. असा कुणी पडला तर बघणाऱ्याला वाईट वाटतं आणि लोक घरी जातात. डुक्कर पडलं तर लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या वर्षी परत येतात. हा पिराजीचा हिशेब.

आता तुम्ही विचाराल, बिबट्या डुकराला खातो ना? खातो. पण महामैदानाच्या महिन्यात तालमीत सगळ्यांना अभय असे. आणि ही गोष्ट आहे, बाळांनो, तुमची परीक्षा नाही. गप ऐका.

तिसऱ्या वर्षी काय झालं ते मला आठवत नाही. काहीतरी झालं असणार.

चौथ्या वर्षी पिराजीनं मैदानाभोवती झावळ्यांचं कुंपण घातलं आणि कुंपणाला भोकं पाडली. भोकापाशी पाटी: डोळ्याला एक करवंद. ज्याला एका डोळ्यानं बघायचं त्यानं एक द्यावं, दोन डोळ्यांनी बघायचं त्यानं दोन.

पहिली कटकट कोळ्यानं केली. त्याला आठ डोळे.

"आठ करवंदं? मी करवंदाएवढा नाही!"

"मग सहा मीट."

"मिटता येत नाहीत."

"ते तुझ्या आईबापाला विचार. मैदानाला का विचारतोस?"

सरडा हुशार. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. त्यानं एक करवंद दिलं, एका डोळ्यानं कुस्ती बघितली आणि दुसऱ्या डोळ्यानं माश्या बघितल्या. वटवाघूळ म्हणालं, "मी बघतच नाही, ऐकतो." पिराजीनं त्याच दिवशी पाटीखाली दुसरी पाटी लावली: कानालाही एक.

पुढं वर्षागणिक मैदान रंगत गेलं. एका वर्षी वानरानं सागाच्या शेंड्यावरून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर उडी घेतली. लोकांना एवढी आवडली की पुढं साध्या कुस्तीलाही आधी झाडावर चढावं लागायचं. गव्याला चढवायला पाच जण लागले. एका वर्षी एरंडाच्या फांद्या आल्या. एरंड आतून पोकळ. डोक्यात घातला की कडाड आवाज होतो, लागत काही नाही. एका वर्षी तोंडाला फडकं बांधलेला 'अज्ञात पैलवान' उतरला. तो कोण यावर जंगलात महिनाभर पैजा लागल्या. फडक्यातून त्याचे लांब कान वर आले होते, तरीही लागल्या.

आणि मेलेला बेडूक! त्याचं नाव काढलं की अजून अंगावर काटा येतो. उन्हाळाभर मातीत गाडून घेऊन झोपायची बेडकाची खोडच आहे. पिराजी ऐन मैदानात एक घागर पाणी ओतायला लावायचा. माती हलायची, फुगायची आणि बेडूक वर यायचा. "मेला होता! उठला!" लोक किंचाळायचे. दोन पारव्यांना तर भोवळ आली. दर वर्षी तोच बेडूक, तीच घागर. आणि दर वर्षी तेच दोन पारवे.

पंच होता साळिंदर. त्याच्या अंगावर कुणी ढकलला जात नसे, म्हणून त्याला नेमला होता. त्याला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. कळायची गरज नव्हती. पळसाचं पान त्याच्याकडं असायचं.

पण शेवटची, मानाची कुस्ती कधी बदलली नाही. रंगराव आणि येसबा. आधी रंगराव मैदानाला फेरी मारायचा.

"कुठाय तो चिखल्या? अंघोळ करून आलाय का उकिरडा घेऊन आलाय?"

लोक हसायचे. येसबालाही एक उत्तर नेमून दिलेलं होतं: "तुझ्या अंगावर ठिपके आहेत का गोचीड?" पण येसबाची जीभ जड. तोवर रंगरावानं त्याला उचललेला असायचा. ढाक! येसबा पाठीवर. आणि पडताना असा ओरडायचा की शेजारच्या फणसाचा पिकलेला फणस खाली यायचा. ती ओरड पिराजीनं त्याला महिनाभर शिकवली होती.

असा येसबा अकरा वर्षं पडला.

आता येसबाची बायको. तिचं नाव ठकू. ती दर वर्षी दोन करवंदं देऊन दोन्ही डोळ्यांनी नवऱ्याला पडताना बघायची. तिला गुपित माहीत नव्हतं. माती गिळलेला येसबा सांगणार कसा?

घरी आलं की ठकू करंजाचं तेल कोमट करायची आणि त्याची पाठ चोळायची.

"अहो, तुमचा उजवा पाय मागं राहतो. मी भोकातून बघितलं."

"होय."

"होय काय? पुढच्या वर्षी पुढं ठेवा."

"ठेवतो."

"आणि खाता कमी. हा सुरण घ्या. रंगरावाची ताकद बघता ना? तुम्हाला जमणार नाही म्हणा, पण निदान उशिरा तरी पडाल."

येसबा सुरण चावायचा. खरं सांगतो बाळांनो, तालमीत झावळ्यांच्या आड त्यानं रंगरावाला दोनदा चीत केला होता. सहज. पण बायको पाठ चोळत होती आणि तिच्या बोटांत कीव होती. लाथ सोसवते. बायकोची कीव सोसवत नाही. येसबाला दुसरं काही नको होतं. करवंदं नकोत, मान नको. ठकूनं एकदा त्याच्याकडं पैलवानाकडं बघावं तसं बघावं, एवढंच.

तेराव्या वर्षी तालीम चालू होती. रंगराव मधेच थांबला आणि खाली बसून हसायला लागला.

"काय झालं?" येसबानं विचारलं.

"काल तुझी बायको आली होती माझ्याकडं."

"कुठं?"

"कड्याखाली. लांब दगडावर उभी राहिली, पळायच्या बेतात. म्हणते, रंगराव भाऊजी, यंदा त्यांना जरा हळू आपटा. त्यांची कंबर धरलीय."

येसबा पायानं माती उकरायला लागला.

"मी म्हटलं, वहिनी, काळजी करू नका. गवतावर अंडं ठेवावं तसा ठेवतो." रंगरावाला पुन्हा हसू आलं. मनानं वाईट नव्हता तो. पण हसला.

त्या दिवशी येसबानं ठरवलं.

तेरावं महामैदान भरलं. सुतारपक्ष्यानं पोकळ ओंडक्यावर हलगीचा ठेका धरला. बेडूक उठला. पारवे पडले. मग शेवटची कुस्ती लागली. कुंपणाच्या एकेका भोकाला तीन तीन नाकं. ठकू पुढच्या भोकाशी.

दोघांनी सलामी दिली, एकमेकांच्या खांद्याला माती लावली आणि भिडले.

रंगराव कानात कुजबुजला, "येसबा, आता माझा हात पकड."

येसबानं हात पकडला नाही. मान पकडली.

"अरे, हे नाही. आता तू पडायचंस."

"नाही पडत."

"पानावर लिहिलंय!"

"मला वाचता येत नाही."

"मला तरी कुठं येतं? पण लिहिलंय ना!"

"मग साळिंदराला वाचायला सांग. मी दमलो की पडेन."

रंगरावाला पहिल्यांदा घाम फुटला. मग तोही खरा लढायला लागला. दुसरं काय करणार? डोक्याला डोकं लागलं. मानेला मान भिडली. चार चार पाय मातीत रुतले. आणि दोघं उभे राहिले.

उभे राहिले ते राहिले.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, बोलायचं विसरले असतील.

"अरे, शिव्या द्या!"

"झाडावर चढा!"

"एरंड कुणीकडं आहे? एरंड द्या रे त्यांना!"

दुपार झाली. सशांनी अंग टाकलं. कोळी ओरडला, "वस्ताद, माझे सहा डोळे कंटाळलेत! सहा करवंदं परत करा!" पिराजी कुंपणाबाहेरून दात ओठ खात होता. "पड, येसबा! पड, तुझ्या पाया पडतो!" येसबाला ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त रंगरावाचा श्वास ऐकू येत होता, आणि तो तुटत चालला होता.

ऊन कलायच्या सुमाराला येसबानं रंगरावाचा पुढचा पाय उपसला, खांदा आत घातला आणि त्याला खाली ठेवला. आपटला नाही. सुगीत धान्याचं पोतं ठेवतात तसा ठेवला. रंगरावाची पाठ मातीला लागली. दोन्ही खांदे टेकले. आवाज आला तो एवढाच: हुश्श.

साळिंदरानं पान उलटून बघितलं. सुलटून बघितलं. मग शेजारच्या अस्वलाला हळूच विचारलं, "हे असं झालं की कोण जिंकतो?"

अस्वलानं येसबाकडं बोट केलं.

साळिंदरानं येसबाचा पाय वर केला.

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. आणि मग कुंपणामागून एक आवाज आला.

"खोटं आहे!"

"ठरवून केलंय!"

"नुरा कुस्ती! नुरा कुस्ती!"

करवंदाच्या बिया आत यायला लागल्या.

हरिण म्हणालं, "अकरा वर्षं पडणारं डुक्कर आज उभं कसं राहिलं? काहीतरी शिजलंय."

सरडा म्हणाला, "मी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. रंगराव ओरडला का? नाही. खरा पडणारा ओरडतो. येसबा कसा ओरडायचा, फणस पडायचे!"

"फणस पडला नाही," कोळी म्हणाला. "मी मोजले."

रंगराव धापा टाकत उठला. कसाही असला तरी पैलवान होता तो. पुढं येऊन म्हणाला, "लोकहो, मला यानं खरंच पाडलं. आईशप्पथ."

"बघा, बघा! पाठ करून आलाय!"

"पाठ करूनही आलाय आणि पाठ लावूनही आलाय!"

यावर मात्र सगळे हसले. तेवढीच काय ती त्या दिवसाची करमणूक.

पिराजी कोल्ह्यानं ओंडक्यावर उभं राहून दोन्ही पाय जोडले. डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाला, "मायबापांनो, आज या पवित्र मातीत जे घडलं, त्याची मला लाज वाटते. मी चौकशी करीन. पुढच्या वर्षी तुम्हाला शंभर टक्के खरी कुस्ती दाखवीन. पूर्वीसारखी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथल्या तिथं लोकांनी पुढच्या वर्षीची भोकं धरून ठेवली.

येसबाला त्याचं काही वाटलं नाही. लोकांसाठी तो लढलाच नव्हता. तो घराकडं निघाला. जाताना वाटेत एकदा पळालासुद्धा. एवढं जड अंग घेऊन, शेपूट वर करून.

ठकू करवंदीच्या जाळीत बसली होती. तेल कोमट केलेलं नव्हतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं, आणि जाळीला भिंत नसते, तरी केलं होतं.

"ठके," येसबा म्हणाला. "बघितलंस का?"

"बघितलं."

"मग?"

"काय कबूल केलंत त्याला?"

"कुणाला?"

"रंगरावाला. पडायचे काय घेतले त्यानं?" ठकू वळली. डोळे लाल झाले होते. "मीच मेली त्याच्याकडं गेले, हळू आपटा म्हणाले. तुम्हाला कळलं असेल, तुम्हाला लागलं असेल मनाला. म्हणून हे असलं करायचं?"

"अगं, पण..."

"अकरा वर्षं मी पाणवठ्यावर मान वर करून गेले. हरणी मला म्हणायची, तुझा नवरा पडतो. मी म्हणायचे, पडतो, पण खरा पडतो. त्या मैदानात झाडावर चढणारे आहेत, फडकं बांधणारे आहेत, तो मेला बेडूक आहे. सगळी सोंगं. माझा नवरा तेवढा एकटा खरा आहे, म्हणायचे. पोरांनाही तेच सांगून वाढवलं." तिनं नाक ओढलं. "उद्या काय सांगू मी हरणीला?"

येसबानं तोंड उघडलं.

सगळं जिभेवर आलं होतं. मातीची आण गेली खड्ड्यात. सांगायचं होतं, ठके, अकरा वर्षं सोंग होतं आणि आजचाच एक दिवस खरा. शब्द तर एवढेसेच होते.

पण त्यानं ठकूकडं बघितलं. ठकूच्या मागं पोरं रांगेनं बसली होती, बापाकडं बघत. ही एवढी एक गोष्ट सांगितली असती तर त्याला एक खरा दिवस मिळाला असता, आणि ठकूची अकरा खरी वर्षं गेली असती. येसबा शिकलेला नव्हता. पण एक आणि अकरा यांतलं मोठं कोणतं, ते त्याला कळत होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

ठकूनं डोळे पुसले. मग उठली आणि तेलाची करवंटी शोधायला लागली.

"पालथे व्हा. कंबर दुखत असेल. सोंग करायलाही कंबर लागतेच."

"हो."

"परत असं करणार नाही ना?"

"नाही."

"आणि पुढच्या वर्षी तो उजवा पाय?"

"पुढं ठेवतो," येसबा म्हणाला.

चौदाव्या महामैदानाला एवढी गर्दी झाली की भोकं पुरली नाहीत. एकेका भोकाला दोघं दोघं, अर्धा अर्धा डोळा लावून. रंगरावानं येसबाला उचलला आणि ढाक मारली. येसबा पाठीवर पडला. लोक रडले. अनोळखी लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. साळिंदरालाही कुणीतरी मारली, मग सोडली.

ठकू पुढच्या भोकाशी होती. तिनं शेजारच्या हरणीला कोपरानं ढोसलं. हरणीनं बघितलं तर ठकूची मान अशी ताठ, की झावळीपेक्षा उंच.

"बघितलंस?" ठकू म्हणाली. "खरा पैलवान असा पडतो."

तात्पर्य: खरं वागायला कधीही घाबरू नये, बाळांनो. कुणाचाही विश्वास बसत नाही.